हात वर करण्याआधी

राजहंसगडाच्या तटावर उभे राहा. पायथ्याला येळ्ळूर, उत्तरेला वडगाव-शहापूरची शिवारे आणि त्यांच्यापलीकडे पसरलेले बेळगाव. आता समोरचे एकेक पुसत चला. गडावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २०२३ चा, तो आधी पुसा. हलग्याची सुवर्ण विधानसौध २०१२ ची, तीही जाऊ द्या. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ रानातून ओढलेली रेघ बुजवा. 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक पोलिसांनी २०१४ च्या जुलैत पाडला. त्याचा चौथरा, त्या दिवशीच्या लाठ्या आणि त्याआधी फलक उभा होता ती सगळी वर्षेही मागे टाका. १७ जानेवारी १९५६ चा बेळगावातला गोळीबार अजून व्हायचा आहे. विजेच्या तारा नाहीत, पत्र्याची छपरे नाहीत. खाली कौले आहेत, गवताची छपरे आहेत, आणि पहाटेच्या काळोखात एखाददुसरी चूल पेटते आहे.

शुक्रवार, २६ डिसेंबर १९२४. मार्गशीर्षातली अमावास्या, त्यामुळे आकाशात चंद्राची कोरही नाही. तुम्ही गड उतरता.

गावाबाहेर एक बैलगाडी तुम्हाला गाठते. गाडीवान घोंगड्यात गुरफटलेला आहे. तो कासरा ओढतो.

"कुठलं म्हणायचं पाव्हणं? गांधीबाबाला बघाय निघालासा काय?"

तुम्ही मान हलवता.

"मग बसा की. आमीबी तिकडंच निघालाव."

वाटेच्या दोन्ही अंगांना भाताची कापणी झालेली राने आहेत. कुठे खळ्यावर गवताच्या गंजी उभ्या आहेत, कुठे जमिनीतल्या ओलीवर मसूर, वाटाणा आणि हरभरा उगवून आला आहे. ही जमीन भात काढून झाल्यावरही दुसरे पीक देते, पावसाच्या साठलेल्या ओलीवर. शंभर वर्षांनी याच शिवारातून जाणारा बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगेल, शहराचे सांडपाणी घेऊन शेतात शिरेल आणि लावलेले भात कुजवून टाकेल. आज दव तेवढे आहे. गाडीवानाला हे सांगून उपयोग नाही. तो शेतसाऱ्याबद्दल बोलतो आहे, बैलाच्या किमतीबद्दल बोलतो आहे, आणि मधूनच विचारतो की गांधीबाबा सारा कमी करणार का.

शहापूर ब्रिटिश मुलुखात येत नाही. हे गाव सांगली संस्थानाचे. बोळाबोळांतून हातमागांची खटखट ऐकू येते; इथली लुगडी दूरवर जातात. एका ओसरीवर विणकर ताण्याला खळ लावतो आहे. तुम्ही त्याला सुताचे विचारता. तो सांगतो की गिरणीचे सूत एकसारखे असते, हाताने कातलेले कुठे जाड कुठे बारीक, मागावर चढवले की तुटते. दिवसाचे अर्धे तुटके धागे जोडण्यात गेले तर पोराबाळांनी खायचे काय? हे बोलणे ध्यानात ठेवा. संध्याकाळी मांडवात ज्या ठरावावर हात वर होणार आहेत, त्यात 'सारख्या कातलेल्या' सुताची अट घातलेली आहे. ती अट या ओसरीवरून सुरू होते.

टिळकवाडीत काँग्रेस अधिवेशनाचे नगर उभे आहे. नाव विजयनगर, आणि प्रवेशद्वार हंपीच्या गोपुराच्या धर्तीचे. स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे यांनी हे सगळे उभे केले आहे. ते हुदलीचे, टिळकांच्या तालमीतले. आठ वर्षांपूर्वी याच बेळगावात टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली तेव्हाही ते होतेच. नगराला पाणी पुरावे म्हणून खास विहीर खणली आहे आणि तिला पंपा सरोवर म्हणतात. पुढे बेळगावकर तिला काँग्रेस विहीर म्हणतील आणि जवळून जाणाऱ्या रस्त्याला काँग्रेस रोड. गांधीजींसाठी बांबू आणि खादीची कुटी बांधली आहे. त्यांना ती कुटी राजवाड्यासारखी वाटते. प्रतिनिधींकडून घेतलेली दहा रुपये फी तर त्यांच्या मते फारच जास्त आहे. येळ्ळूरच्या गाडीवानाकडे दहा रुपये नाहीत, म्हणून तो कनातीबाहेर उभा राहणार. गांधीजींची तक्रार त्याच्या बाजूची आहे.

तुम्ही आत जाता, पण मांडवाकडे जाऊ नका. आधी नगराच्या मागच्या बाजूला चला.

तिथे डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाचे स्वयंसेवक राबत आहेत. दलाला जेमतेम वर्ष झाले आहे. स्वच्छतेचे काम काका कालेलकरांकडे आहे. हजारो माणसे काही दिवस एका जागी राहणार, म्हणजे त्यांचा मैला, खरकटे आणि सांडपाणी कुठेतरी जाणारच. चर खणले आहेत, वापरल्यावर माती लोटायची आहे. ज्यांच्या घरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या जातीवर लादले गेले, त्या घरांतली ब्राह्मण पोरेही इथे मैल्यावर माती टाकत आहेत. एकाने नाकाला फडके बांधले आहे. दुसरा ते सोडायला सांगतो.

तुमच्या हाती फावडे येते. कोणी नाव विचारत नाही. थंडीतही पाठीला घाम फुटतो. पहिली पंधरा मिनिटे जड जातात, मग हात आपोआप चालू लागतात. चर संपला की पुढचा.

त्या शुक्रवारचे सगळ्यांत मोठे काम माझ्या मते इथे चालले होते. मांडवात जे झाले त्याच्या प्रती निघाल्या, ते पुस्तकांत गेले. इथल्या पोरांनी टाकलेली माती कोणत्याही इतिवृत्तात दोन ओळींपलीकडे गेली नाही. तरी माणसे आजारी न पडता घरी गेली तर ती या मातीमुळे. पर्यावरणाची स्वयंसेवा हा शब्द तेव्हा नव्हता. काम होते.

दुपारी मांडव भरतो. खादीचे छत, खाली बसलेली माणसे. चित्तरंजन दास आहेत, मोतीलाल नेहरू आहेत, सरोजिनी नायडू आहेत, मौलाना महंमद अली आणि शौकत अली आहेत, तरुण जवाहरलाल आहेत. अध्यक्षपदी गांधीजी. आयुष्यात एकदाच ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची कैदेतून सुटका झाली, तीही पुण्याच्या ससून रुग्णालयातून, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर. सप्टेंबर-ऑक्टोबरात दिल्लीत हिंदू-मुसलमान ऐक्यासाठी एकवीस दिवसांचा उपास झाला. अंगावर मांस उरलेले नाही.

तुमच्या शेजारी एक मिशाळ माणूस बसला आहे. मराठा पलटणीचा. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात होता, नंतर तुर्कांच्या कैदेत. वेढ्यात घोड्याचे मांस खायची वेळ आली, एवढे सांगून तो थांबतो. अधिक विचारू नका.

अध्यक्षीय भाषणात स्वराज्याचा आराखडा आहे. लष्करावरचा खर्च कमी करावा. पंचायतींतून स्वस्त न्याय मिळावा. दारू आणि मादक पदार्थांवर मिळणारे उत्पन्न सरकारने सोडावे. प्रांतांची भाषावार पुनर्रचना करावी आणि प्रांताचे सरकार, कोर्ट आणि कायदेमंडळ त्या प्रांताच्या भाषेत चालावे. हे वाक्य येळ्ळूरच्या माणसाने कान देऊन ऐकावे. त्यातून पुढे काय काय निघणार आहे, हे मांडवात कोणालाच माहीत नाही.

मग गांधीजी जगाकडे वळतात. जगातल्या शहाण्या मनाला आता एकमेकांशी लढणारी सुटी सुटी राज्ये नकोत, एकमेकांवर विसंबून राहणाऱ्या मित्रराज्यांचा संघ हवा आहे, असा त्या बोलण्याचा आशय. तो दिवस लांब असेल, पण परस्परावलंबनाला आम्ही तयार आहोत असे म्हणण्यात अशक्य काही नाही. पारतंत्र्यातल्या देशाचा पुढारी हे बोलतो आहे. शेजारचा मिशाळ माणूस खाली जमिनीकडे बघतो. लष्करखर्चाचा मुद्दा आला तेव्हा त्याने मान वर केली होती.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या सभेने तंटे लवादाने सोडवण्याचा करारनामा एकमताने संमत केला आहे. पुढच्या मार्चमध्ये ब्रिटन तो नाकारेल आणि करारनामा तिथेच संपेल. दिल्लीतही असेच घडले. १९२४ च्याच फेब्रुवारीत मोतीलाल नेहरूंनी मध्यवर्ती कायदेमंडळात स्वराज्याच्या मागणीचा ठराव आणला आणि ७६ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर करून घेतला. सरकारने मागणी मान्य केली नाही. संमत झालेला ठराव आणि घडलेली गोष्ट यांच्यामध्ये मोठा ओढा आहे आणि त्यावर पूल बांधावा लागतो, ही जाणीव मांडवात बसलेल्या प्रत्येक जाणत्या माणसाला आहे. काँग्रेसमधल्या फेरवादी (कायदेमंडळात जाऊ म्हणणारे) आणि नाफेरवादी यांचे भांडणच त्यावर होते: कायदेमंडळात जायचे की गावात.

तडजोड झाली आहे. फेरवाद्यांच्या स्वराज्य पक्षाने काँग्रेसच्या वतीने कायदेमंडळांत काम करावे. आणि काँग्रेसच्या प्रत्येक सभासदाने, मग तो कायदेमंडळात बसणारा बॅरिस्टर असो की कोपऱ्यातला शेतकरी, दरमहा २,००० वार सूत स्वतः कातून द्यावे. वर्षाला २४,००० वार. वर्गणीचे चार आणे गेले, त्या जागी हाताचे काम आले.

रोज अर्धा तास बसले तर एवढे सूत निघते. तेवढ्यासाठी टकळी किंवा चरखा लागेल, पेळू लागतील, आणि मुख्य म्हणजे बैठक लागेल. चित्तरंजन दासांसारख्या नामांकित वकिलाला आणि येळ्ळूरच्या शेतकऱ्याला एकच मोजपट्टी. मला या ठरावाइतका धाडसी ठराव हिंदुस्थानच्या राजकारणात क्वचितच दिसतो. खादीचे अर्थशास्त्र पटो न पटो. शहापूरच्या विणकराचे म्हणणे मघाशी ऐकलेच आहे. धाडस वेगळे आहे. मत देण्याचा हक्क आधी हाताने कमवावा लागतो, असे हा ठराव सांगतो.

पण शेवटपर्यंत वाचा. आजारी असेल, किंवा तयारी नसेल, तर त्या सभासदाने दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत द्यावे. तयारी नसेल तर! या तीन शब्दांतून बाजारातले सूत आत येते. तडजोडीसाठी हे ठेवावे लागले, समजू शकते. तरी ठरावाला तिथेच भोक पडले.

हात वर करायची वेळ येते. तुमच्या हाताला सकाळच्या फावड्याचे फोड आहेत. तुम्ही हात वर करता. शेजारचा सैनिकही करतो.

अधिवेशनात आणखीही ठराव होतात. कोहाटच्या दंग्याबद्दल, दारू-अफूबद्दल, परदेशातल्या हिंदी लोकांबद्दल. अस्पृश्यतेबद्दलही होतो, वायकोमच्या सत्याग्रहींचे अभिनंदन होते. अस्पृश्यतेच्या ठरावाला अट नाही. सूत नाही दिले तर सभासदत्व जाते. अस्पृश्यता पाळली तर काय, यावर ठराव गप्प आहे.

परतीच्या वाटेवर अंधार पडलेला असतो. गाडीवान कंदील लावतो. वाटेवरच्या एका गावात पाणी प्यायला थांबता. विहिरीपासून दहा हात अंतरावर दोन बाया रिकामी मडकी घेऊन उभ्या आहेत. कोणी ओतेल तर त्यांना मिळेल. गाडीवान तुमच्या ओंजळीत पाणी घालतो आणि विहिरीकडे पाठ करून उभा राहतो.

या विहिरीवर त्यांचा हक्क आहे, कागदावर. आपण मुंबई इलाख्यात आहोत. सोळा महिन्यांपूर्वी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. पुढच्याच महिन्यात सरकारने खात्यांना तसे कळवले. त्या ठरावाची हद्द सगळा मुंबई इलाखा, म्हणजे ही विहीरही. तरी दोन्ही मडकी रिकामी आहेत. तुम्ही पोहरा घेऊन ती भरू शकता. भरा. गाडीवान काही बोलणार नाही, पण गावात शिरेपर्यंत गप्प राहील.

आता साडेतीन महिने पुढे या. १९२५ च्या एप्रिलचे ऊन, निपाणी. तंबाखूच्या बाजाराचे गाव. इथे बहिष्कृत परिषद भरली आहे आणि विलायतेहून परतलेले डॉ. भीमराव आंबेडकर बोलत आहेत. चौतिसावे वर्ष सरते आहे. बेळगावच्या त्या अधिवेशनाचा हिशेब ते इथे, त्याच जिल्ह्यात, मांडतात. सामाजिक अन्याय दूर झाल्याशिवाय देशातला कलह मिटणार नाही, असे गांधीजींच्या आधी कोणी राजकारणी म्हणाला नव्हता, हे श्रेय ते देतात. मग बोट ठेवतात. खादीवर आणि हिंदू-मुसलमान ऐक्यावर गांधीजींचा जेवढा भर आहे तेवढा अस्पृश्यता-निवारणावर नाही. असता, तर सुतासारखीच तीही काँग्रेसमध्ये मत देण्याची अट झाली असती. आणि तरीही, सगळ्यांनी झिडकारलेल्या माणसाला त्यांची सहानुभूतीसुद्धा थोडी नव्हे.

टिळकवाडीत हात वर करताना तुम्हाला जे बोचले होते, ते या माणसाने नेमके सांगितले. ठरावाला अट हवी आणि ती अट योग्य जागी हवी. बेळगावच्या अधिवेशनाबद्दल शंभर वर्षांत पुष्कळ लिहिले गेले, पण निपाणीतल्या या परीक्षणाच्या पुढे कोणी गेलेले मला दिसत नाही.

पुढचे भराभर घडते. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला काँग्रेस सुताची सक्ती सोडते: चार आणे द्या किंवा सूत द्या. ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांना पुन्हा उभे राहावे लागते, या वेळी मागणी अशी की पहिला ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांची सरकारी मदत बंद करा. महाडच्या नगरपालिकेने तर चवदार तळे खुले केल्याचा स्वतःचा ठरावही केलेला असतो. २० मार्च १९२७ ला आंबेडकर आणि हजारो माणसे त्या तळ्याच्या पायऱ्या उतरतात आणि ओंजळीने पाणी पितात. कायदेमंडळाचा ठराव त्या दिवशी खरा होतो, साडेतीन वर्षांनी, आणि त्यासाठी त्यांना मार खावा लागतो.

मे १९४६ मध्ये क्षणभर थांबा. पुन्हा बेळगाव, पुन्हा मांडव. ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन संयुक्त महाराष्ट्राचा ठराव करते. त्या ठरावामागे माणसे उभी राहिली, जिवानिशी गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. भाषावार प्रांतांचे ते बेळगावातच उच्चारलेले वाक्य येळ्ळूरच्या वाट्याला उलटे आले. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. २२ डिसेंबर २०२२ ला कर्नाटकच्या विधिमंडळाने हलग्यात एक ठराव केला, पाच दिवसांनी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने नागपुरात ८६५ गावांसाठी दुसरा. दोन्ही एकमताने. येळ्ळूरकरांनी या प्रश्नापायी लाठ्या खाल्ल्या आहेत, खटले अंगावर घेतले आहेत. हात वर करण्याची किंमत मोजण्यात हे गाव कुणाच्या मागे नाही.

म्हणूनच या गावाकडून आणखी एका गोष्टीची आशा धरावीशी वाटते. राज्य कोणते हे न्यायालय ठरवेल तेव्हा ठरवेल. नाला तोपर्यंत थांबत नाही. बळ्ळारी नाल्याचा गाळ काढणे, पूल रुंद करणे, शहराचे सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे ही सरकारची आणि महापालिकेची कामे आहेत आणि ती त्यांच्याकडून वाजवून घ्यायला हवीत. पण काठावरचे प्लास्टिक, तुंबलेल्या मोऱ्या, शेताच्या बांधांवरची झाडे, गावातल्या जुन्या विहिरींचा उपसा, ही कामे फावड्याची आहेत. त्यासाठी हर्डीकरांच्या पोरांसारखी चाळीस-पन्नास माणसे पुरतात.

तेव्हा पुढची ग्रामसभा येळ्ळूरची असो की तुमच्या गावची, तिथे पाण्याचा किंवा शिवाराचा ठराव आला की सचिवाला थांबवा. त्यात लिहून घ्या: काम कोण करणार, कोणत्या दिवशी, कुठपासून कुठपर्यंत. 'तयारी नसेल तर' हे शब्द राहू देऊ नका. आणि यादीत पहिले नाव स्वतःचे घाला.